भिंत बंद करण्यापूर्वी

सोमवार, २ फेब्रुवारी

परवाना मिळाला. पिवळं जाड कार्ड आहे. त्यावर आमचा पत्ता, प्लंबरचा नंबर आणि कोपऱ्यात गोल शिक्का. रस्त्यावरून दिसेल असं खिडकीत लावायचं असतं म्हणे. मी पडदा सारून लावलं आणि दिसतंय ना, ते बाहेर जाऊन पाहून आले. मग काही कारण नसताना परत एकदा पाहून आले. शाळेत वर्गात पहिल्या आलेल्या मुलीचं नाव दाराबाहेरच्या फळ्यावर लिहीत, त्याची आठवण झाली.

वन्संना लगेच फोन केला. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. मुलींच्या शाळेत शिवण-विणकाम शिकवून निवृत्त झाल्या, लग्न केलं नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. डिसेंबरात आपल्याच जिन्यावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. आता शुश्रूषा केंद्रात चालायला शिकताहेत. पण त्या तीन मजल्यांवर परत जाणं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. केंद्राने दोन वाटा ठेवल्या आहेत. पायरी न चढता बाथरूमला जाता येईल अशा घरी सोडणार, आणि ते बाथरूम नगरपालिकेने तपासून पास केलेलं हवं. नाहीतर गावाबाहेरच्या वृद्धाश्रमातली एक खाट. ती खाट महिनाअखेरपर्यंत त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे.

आमचं बाथरूम वरच्या मजल्यावर. म्हणून खालची, जिन्याला लागून असलेली अडगळीची खोली मोकळी करून तिचं बाथरूम करायचं मी ठरवलं. वन्संनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आज म्हणाल्या, "परवाना मिळाला ते बरं झालं. पण तुझ्या त्या जिन्यापाशी वास येतो, त्याचं काय करणार आहेस?"

"बघते हं, वन्सं," मी म्हटलं.

लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून वन्संच्या प्रत्येक तक्रारीला मी हेच म्हणत आले आहे.

बुधवार, ४ फेब्रुवारी

नगरपालिकेतल्या परवान्याच्या खिडकीवरच्या माणसाने नियमांची एक पुस्तिका दिली होती. लोक ती घेतात आणि बाहेरच्या बाकावर ठेवून जातात, असं तो म्हणाला. मी मात्र कालपासून वाचते आहे आणि सांगायला लाज वाटते, पण मजा येते आहे. पाइपला उतार किती हवा, तर इतका, आणि त्याहून जास्तही नको. कारण पाणी फार घाईने पळालं की मागे मळ ठेवून जातं. हे वाचून मला आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या मुख्य मदर आठवल्या. त्या म्हणायच्या, जी मुलगी जिना धावत उतरते ती काहीतरी विसरून येते.

आधी एक प्लंबर येऊन गेला होता. त्याने खोली पाहिली, भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "परवाना कशाला हवा, बाई? भिंतीच्या आत कोण बघायला येतंय?" लेकीचंही फोनवर तेच. "आई, नसती उठाठेव कशाला? सगळे असंच करून घेतात." पण केंद्राला कागद हवा होता आणि मलाही, का कोण जाणे, हवा होता. मग हा दुसरा प्लंबर मिळाला. परवानाधारक आहे. बोलतो फार. मला ताई म्हणतो आणि पाइपशी पण बोलतो.

आज पुस्तिका पाहून म्हणाला, "अरे वा, ताई परीक्षेला बसणार वाटतं."

"बसले तर पास होईन," मी म्हटलं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

अडगळीच्या खोलीची भिंत उघडली. घरात पीठ सांडल्यासारखी धूळ झाली आहे. मी कपाटांवर चादरी टाकल्या आहेत, तरी चहात कचकच लागते.

आज ट्रॅप म्हणजे काय ते प्लंबरने बादलीवर बसून समजावलं. प्रत्येक बेसिनखाली नळी मुद्दाम वाकडी केलेली असते, म्हणजे त्या बाकात थोडं पाणी कायम साचून राहतं. गटारातली घाण हवा वर यायला बघते, पण त्या पाण्याला अडून परत फिरते. "पहारेकरी आहे तो, ताई. इतकंसं पाणी, पण अख्खं घर सांभाळतं." मी कित्येक वर्षं बेसिन घासते आहे, त्याच्या पोटातल्या पहारेकऱ्याची आज ओळख झाली.

मग त्याने बोट वर करून बजावलं. "आता एकच लक्षात ठेवा. निरीक्षक येऊन हे उघडे पाइप बघणार, त्यात पाणी भरून बघणार, कार्डावर सही करणार. त्याआधी भिंत बंद करायची नाही. जग इकडचं तिकडे झालं तरी नाही."

मी म्हटलं, पुस्तिकेतही तेच लिहिलं आहे, ठळक अक्षरात.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

आज तपासणी होती. झाली नाही. सकाळी फोन आला की निरीक्षक आजारी आहेत, आता मंगळवारी. प्लंबर दुसऱ्या कामावर गेला. आणि नेमक्या ह्या रविवारी केंद्र वन्संना दोन तासांसाठी इथे आणणार आहे. घर त्यांना झेपेल का ते बघायला.

संध्याकाळी मी त्या खोलीच्या दारात उभी राहिले. उघड्या विटा, लोंबणारे पाइप, मातीचा ढीग, कोपऱ्यात सिमेंटची फाटकी गोणी. वन्सं हे पाहतील आणि मान वळवून म्हणतील, राहू दे गं, मी आश्रमातच जाते. शिवाय तो वास आहेच. खोली उघडल्यापासून जरा जास्तच येतो. मी जिन्यालगतची फळी दोनदा फिनाइलने पुसली. लिंबाची सालं ठेवली. हे असते तर म्हणाले असते, "तुझ्या नाकाचे लाड फार." हे नेहमी तसंच म्हणायचे. आणि वन्सं आल्या, उंबऱ्यात उभं राहून नाक वर करून "वहिनी, खिडक्या उघडत नाहीस का गं?" म्हणाल्या, की ह्यांना तेव्हाच बागेतल्या कुंड्यांना पाणी घालायची आठवण व्हायची. बहिणीच्या बोलण्याचा त्यांना फार त्रास होई बिचाऱ्यांना.

शनिवार, १४ फेब्रुवारी

मी भिंत बंद करून घेतली.

लिहिल्यावर बरं वाटतंय का? थोडं वाटतंय. झालं असं की फरशीवाला सकाळी चुकून आला. त्याला मंगळवारच्या तपासणीचं कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तो दारात उभा राहून खोलीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "उद्या पाहुण्या येणार आहेत ना? मग हे असं उघडं-वाघडं दाखवणार?"

"नियम आहे," मी म्हटलं.

"नियम आहेच हो. पण पाइप तर बसवून झाले ना? प्लंबर काय उगाच बसवेल? निरीक्षक येतील तेव्हा सांगा, सगळं ठीक आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई."

मी परत एकदा आत पाहिलं. कोपऱ्यातली ती फाटकी गोणी पाहिली. आणि म्हटलं, "बरं, लावा."

फिकट निळी फरशी, वर एक पांढरी ओळ. दुपारपर्यंत खोली अशी दिसायला लागली की मला खुर्ची टाकून तिथेच बसावंसं वाटलं. पुस्तिका मी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली आहे.

रविवार, १५ फेब्रुवारी

वन्सं येऊन गेल्या. चाकाच्या खुर्चीतून आल्या, पण खोलीच्या दारापासून आतपर्यंत वॉकर धरून स्वतः चालल्या. किती लहान झाल्या आहेत. त्यांच्या शाळेतल्या मुली त्यांना पाहून दोरा दातांनी तोडायच्या थांबायच्या, असं हे सांगत.

त्यांनी फरशीच्या सांध्यावरून बोट फिरवलं, शिवण तपासावी तसं. "सरळ आहे," म्हणाल्या. वन्संच्या तोंडून ही मोठीच शाबासकी. माझा जीव भांड्यात पडला.

मग परत येताना जिन्यापाशी थांबल्या. नाक वर गेलं. "वास आहेच," म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, उलट जरा हायसं वाटल्यासारखं होतं, ते मला कळलं नाही. "वहिनी, इतका खटाटोप करतेस, पण मला ह्या वासात राहवणार नाही. आश्रमात बरी राहीन मी. तिथे कुणाला माझं काही करावं लागणार नाही."

"मला काय करावं लागतंय?"

"लागेल ना. अंघोळीला हात द्यावा लागेल. उठवावं लागेल. माझं तोंड तुला ठाऊक आहे." त्या जिन्याजवळच्या खुंटीकडे बघत होत्या. "इथे बाब्या माझा मफलर टांगायचा." बाब्या म्हणजे हे. ह्यांना त्या शेवटपर्यंत बाब्याच म्हणायच्या. "करडा, कडेला वेलीची वीण. डोळे दुखेपर्यंत विणला होता. एक हिवाळासुद्धा पुरू दिला नाहीत."

मफलरची गोष्ट जुनी आहे. तो हरवला, आणि वन्संनी विचारलं तेव्हा हे म्हणाले होते, "कपडे ती सांभाळते, तिलाच विचार." मला खरंच माहीत नव्हतं. ह्यांच्या कपड्यांचे खिसेसुद्धा मी उलटे करून पाहिले होते. वन्संना मात्र कायम वाटत आलं की मी तो मोलकरणीला देऊन टाकला. ह्यांना काही आठवतच नसे, त्याला ते तरी काय करणार.

जाताना गाडीत बसल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि लगेच सोडला.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

निरीक्षक म्हणजे एक तरुण बाई निघाल्या. रबरी बूट, कमरेला टॉर्च, केस घट्ट बांधलेले. अजून थोडं खोकत होत्या. मी चहा विचारला. म्हणाल्या, "काम झाल्यावर." आत गेल्या आणि निळ्या फरशीसमोर उभ्या राहिल्या.

"पाइप कुठे आहेत?"

"आत आहेत," मी म्हटलं. "नीट बसवले आहेत. फक्त पाहुण्या येणार होत्या, म्हणून..."

"आजी, छान आहे फरशी. पण मी फरशी बघायला आले नाही." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. "मला दिसत नाही ते मी पास करू शकत नाही. उघडा."

तेवढ्यात प्लंबर आला. त्याने भिंत पाहिली, मला पाहिलं आणि हातातली हत्यारांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "ताई, तुम्ही तर पुस्तिका पाठ केली होतीत."

बाईंनी पिवळ्या कार्डाच्या शेजारी एक लाल कागद चिकटवला. 'काम थांबवा. आवरण काढून फेरतपासणी.' तोही रस्त्यावरून दिसेल असाच. जाताना म्हणाल्या, "शुक्रवारी येते. तोवर उघडून ठेवा. आणि नवं काम जुन्या उभ्या पाइपला जोडलं आहे ना? मग तोही तपासणार."

प्लंबर कुरकुरला. "मॅडम, जुन्याला कशाला हात लावायचा? ते घरमालकांनी कधीकाळी केलेलं."

"जोडलंत ना? जोडलं की जुनंही तुमचंच."

मला हसू आलं, अशा वेळीसुद्धा. माझ्या लग्नात हे वाक्य कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

शाळेत मदर कधीही अचानक वर्गात येऊन टाळी वाजवायच्या. सगळ्यांनी डेस्कची झाकणं उघडायची. वरून डेस्क कितीही पुसलेलं असो, त्या बघायच्या ते आत. माझं डेस्क कायम नीट असायचं. मला त्या टाळीची भीती कधी वाटली नाही. आणि ह्या वयात मी झाकण लावून वर बसले.

बुधवार, १८ फेब्रुवारी

फरशीवाल्याने स्वतःची फरशी स्वतः फोडली. प्रत्येक तुकड्यामागे सुस्कारा. मी त्याला दोनदा चहा दिला. म्हणाला, "उघडली मूठ, बाई." पुढचं त्याने गिळलं.

शेजारीण कुंपणावरून लाल कागद वाचून गेली. लेकीचा फोन आला. टोचून बोलली नाही, फक्त "आई, वेळेत होईल ना?" इतकंच. वृद्धाश्रमातूनही विचारणा आली होती. मी म्हटलं, खाट तूर्त असू द्या.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

बाई सकाळी आल्या. पाइप उघडे. प्लंबरने अंगणातल्या चेंबरमध्ये उतरून गटाराकडे जाणारं तोंड रबरी फुग्याने बंद केलं. मग वरून पाणी सोडलं, नव्या पाइपांत आणि जुन्या उभ्या पाइपातही, नव्या बेसिनच्या उंचीपर्यंत. तिथे खडूने खूण केली. ह्या पाण्याने तिथेच उभं राहायला हवं. खाली गेलं, तर कुठेतरी तोंड उघडं आहे. मध्येच कुणी पाणी सोडू नये म्हणून वरच्या बाथरूमला मी कडी लावून आले होते.

आम्ही तिघं त्या खडूच्या रेघेकडे पाहत उभे. भात शिजतो आहे की नाही ते बघावं तसे. आधी काही नाही. मग पाणी एक केसभर खाली गेलं. मग बोटभर.

"माझे सांधे नाहीत," प्लंबर म्हणाला. त्याने प्रत्येक सांध्यावरून कोरडा कागद फिरवून दाखवला. कागद कोरडाच. पाणी मात्र जात होतं.

"मग जातंय कुठे?" बाई म्हणाल्या.

मी बाहेर आले, कारण मला रडू येणार होतं आणि दुसऱ्यांसमोर रडण्याची आम्हाला सवय लावलेली नाही. जिन्याखालच्या चपलांच्या कपाटापाशी बसले. आणि माझे पायमोजे ओले झाले.

मी हाक मारली. प्लंबर चपला बाहेर काढायला लागला. सगळ्यात मागे ह्यांचे जुने बूट, मी टाकले नव्हते, ते पाण्याने डबडबलेले. कपाटाच्या मागच्या फळीतून धार झिरपत होती. वास तर असा आला की बाईंनी रुमाल लावला. आणि तोच वास. माझ्या ओळखीचा. जिन्याचा.

"ह्या फळीमागे काय आहे?" बाईंनी विचारलं.

आणि मला आठवलं. लेक लहान होती तेव्हा तिथे तिच्या उंचीचं एक बेसिन होतं. ह्यांनी स्वतः बसवलं होतं. ती खेळून आली की तिथे साबणाचे फुगे करत बसायची, मी ओरडायची, हे हसायचे. ती मोठी झाल्यावर एका थंडीतल्या रविवारी ह्यांनीच ते काढलं आणि फळी ठोकून चपलांचं कपाट केलं. मी दिवसभर त्यांना चहा देत होते. पाइपचं काय केलं, असं विचारलं तेव्हा म्हणाले होते, "केलंय बंद. तात्पुरतं. मग नीट करू."

प्लंबरने फळी उचकटली. मागे जुन्या पाइपचं उघडं तोंड होतं. टोपण नाही, झाकण नाही. त्यात लोकरीचं काहीतरी गच्च कोंबलेलं. प्लंबरने पकडीने ओढलं. आत गेलेला भाग कुजून काळा झाला होता, पण बाहेर राहिलेलं टोक अजून करडं होतं. त्याच्या कडेला वेलीची वीण.

"हे काय, मोजा आहे?" बाईंनी विचारलं.

"मफलर," मी म्हटलं.

प्लंबर सांगत होता, रोजचं पाणी सरळ खाली निघून जातं, पाइपच्या ह्या फांदीत शिरत नाही, म्हणून इतकी वर्षं घर भिजलं नाही. हवा मात्र लोकरीतून आरामात वर येते. इथे पहारेकरीच नव्हता. बाई म्हणाल्या, "आजी, ह्या घरात एवढी वर्षं कुणाला वास आला नाही?"

मी जमिनीवर बसून हसायला लागले. थांबताच येईना. प्लंबर घाबरून पाणी आणायला धावला.

"आला ना," मी म्हटलं. "सगळ्यांना आला."

शनिवार, २१ फेब्रुवारी

काल दुपारीच प्लंबरने त्या तोंडावर पक्कं टोपण बसवलं.

आज सकाळी नेहमीसारखी जिना उतरले. खालून तिसऱ्या पायरीवर मी रोज श्वास धरते, हे मला आज कळलं. कारण आज धरला आणि सोडला, आणि काहीच आलं नाही. लाकूड, सिमेंट, थोडा चहा. मी पुन्हा वर गेले आणि पुन्हा उतरले.

किती घासलं मी हे घर. पाहुणे यायचे म्हटलं की खिडक्या उघडायची, उदबत्त्या लावायची, लेकीच्या मैत्रिणींना मागच्या दाराने घ्यायची. माझ्यातच काहीतरी कमी आहे, हात नीट फिरत नाही माझा, असं मी धरूनच चालले होते. तसं काही नव्हतं. घर स्वच्छच होतं. ते मी केलं होतं.

दिवसभर दार उघडं ठेवून बसले. कुणीतरी यावं असं वाटत होतं.

सोमवार, २३ फेब्रुवारी

पुन्हा पाणी भरलं. खडूची रेघ. पाणी रेघेवर उभं राहिलं, जागचं हललं नाही. बाईंनी लाल कागद काढून घेतला आणि पिवळ्या कार्डावर सही केली. "आता बंद करा भिंत. आणि चहा द्या."

दोन कप प्याल्या. म्हणाल्या, "दुसरं कुणी असतं तर परवान्याच्या आणि माझ्या नावाने शिव्या घातल्या असत्या." मी म्हटलं, परवाना काढला नसता तर मी मरेपर्यंत लिंबाची सालं ठेवत बसले असते.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

मफलरचा राहिलेला तुकडा मी जंतुनाशकात भिजवला आणि मोठ्या पातेल्यात उकळला. ते पातेलं फेकून दिलं. वाळल्यावर तुकडा पारदर्शक पिशवीत घालून केंद्रात गेले.

वन्सं खिडकीपाशी बसल्या होत्या. मी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा लावला. पिशवी उजेडाकडे धरली. वीण ओळखायला त्यांना क्षणसुद्धा लागला नाही, ते मला त्यांच्या मानेवरून कळलं. तरी पहिलं वाक्य काय, तर, "वहिनी, लोकर कधी उकळतात का गं?"

"उकळावी लागली."

"बघ कशी आटली. सगळे टाके मिटले. कुठे मिळाला?"

मी सांगितलं. बेसिन, रविवार, थंडी, फळी, पाण्याची रेघ, ओले बूट. त्या ऐकत होत्या. त्यांचा अंगठा पिशवीवरून वेलीच्या कडेवर फिरत होता.

"म्हणजे त्याला माहीत होतं," शेवटी म्हणाल्या.

"विसरले असतील हो. हात गारठले असतील, जवळ दुसरं काही नसेल. गळ्यातला काढला आणि..."

"कपडे ती सांभाळते, तिलाच विचार, म्हणाला होता मला. माझ्या तोंडावर. आणि मी वास म्हणाले की कुंड्या बघायला पळायचा."

"त्यांना तुमच्या बोलण्याचा त्रास व्हायचा."

वन्संनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. वर्गातल्या मठ्ठ पण आवडत्या मुलीकडे बघावं तसं. "तू अजून त्याचीच बाजू घे," त्या म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा हलायला लागला. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. खुबा दुखतो म्हणून एका हाताने कंबर धरून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "माझा मफलर," म्हणत होत्या. "गटारात. मी म्हटलं, मोलकरणीला दिलास. अगं, दिला असतास तर निदान कुणाच्या गळ्यात तरी..." पुढे बोलता येईना. मलाही येईना. नर्स येऊन विचारून गेली, काय झालं म्हणून.

निघताना वन्सं म्हणाल्या, "इतकी वर्षं बोलले तुला."

"मी ऐकलं."

"तेच म्हणते. ऐकलंस कशाला?"

मी त्यांची शाल सारखी केली. मग त्यांनी भिंतीकडे पाहत विचारलं, "आता वास नाही म्हणतेस?"

"नाही."

"अजिबात?"

"तुम्हीच येऊन बघा."

त्यांनी पिशवी दोनदा उलटसुलट केली. वासाचं कारण हातातून गेलं होतं ना, दुसरं लवकर सापडेना. एवढं मलाही कळलं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

शेवटची तपासणी झाली. धरायला भिंतीत दांडे, घसरणार नाही अशी जमीन, वॉकर जाईल एवढं दार. बेसिन, फ्लश, गरम पाणी. बाईंनी प्रत्येक नळ सोडून पाहिला आणि गुडघे टेकून बेसिनखाली टॉर्च मारला. पास. केंद्राला कागद पोचला. वृद्धाश्रमाला मी स्वतः फोन केला की खाट दुसऱ्या कुणाला द्या. तिथल्या बाई म्हणाल्या, बरं झालं, एक आजोबा वाट बघताहेत.

फरशीवाल्याने ह्या वेळी पांढरी ओळ जरा वर घेतली आहे. म्हणतो, पहिल्यापेक्षा छान दिसते. खरंच दिसते.

रविवार, १ मार्च

वन्सं आल्या.

उंबऱ्यात थांबल्या. सवयीने नाक वर गेलं. मी त्यांच्यामागे त्यांची पिशवी धरून उभी, आणि माझा श्वासही सवयीने अडकलेला. त्यांनी मोठा श्वास घेतला. मग दुसरा घेतला.

"रंगाचा वास येतोय," म्हणाल्या.

"तो जाईल."

त्या आत आल्या. जिन्यापाशी थांबून खुंटीवर आपली शाल टांगली. कपाटाच्या जागी नवी फळी लावली आहे, तिला एक छोटं दार ठेवून, म्हणजे मागचं टोपण कधीही उघडून पाहता येईल. प्लंबर म्हणाला होता, गरज नाही, ताई. मी म्हटलं, असू द्या.

दुपारी त्यांची पिशवी लावत होते. चार साड्या, औषधं, लोकरीचे गुंडे आणि सुया. करडी लोकर नवी होती. कुणासाठी, मी विचारलं नाही. माझ्या मानेकडे दोनदा बघून झालं होतं त्यांचं.

"सगळं कपाटात लावू नकोस," खाटेवरून म्हणाल्या. "मी कायमची नाही आले. हाडात जोर येईपर्यंत. तात्पुरती."

"बरं, वन्सं," मी म्हटलं, आणि सगळं कपाटात लावलं. ह्या घरात तात्पुरतं केलेलं किती टिकतं, ते मी पाहिलं आहे.